बिल्ल्यांची अदलाबदल : लहानांच्या बाजाराला मोठ्यांचे नियम

पूर्णा : रेल्वेच्या गावाला बिल्ल्याची ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही. मनमाड-सिकंदराबाद लोहमार्गावरील पूर्णा हे अकोल्याकडे जाणाऱ्या मार्गाचे जंक्शन. लाल सदरा आणि दंडावर क्रमांकाचा पितळी बिल्ला ही परवानाधारक हमालाची खूण येथील मुलांनी लहानपणापासून पाहिलेली असते. शाळेत वर्गप्रमुखाच्या खिशाला बिल्ला असतो, निवडणुकीत कार्यकर्त्याच्या छातीवर असतो, १४ एप्रिलच्या मिरवणुकीत बाबासाहेबांच्या चित्राचा बिल्ला लहानथोर सारेच अभिमानाने लावतात. या सर्व बिल्ल्यांचे काम एकच : लावणारा कोण आहे, कोणाचा आहे, हे सांगणे. म्हणूनच असा बिल्ला सहसा कोणी दुसऱ्याला देऊन टाकत नाही.

देऊन टाकण्यासाठीच छातीवर लावायचे बिल्लेही जगात आहेत. परदेशांतील मोठ्या थीम पार्कमध्ये गेली पंचवीसहून अधिक वर्षे मुले गळ्यात पट्टा अडकवून, त्यावर चित्रांचे छोटे धातूचे बिल्ले टोचून हिंडतात आणि समोर येणाऱ्या कर्मचाऱ्याला थांबवून ‘तुमचा हा द्या, माझा हा घ्या’ असा व्यवहार करतात. पैसा मध्ये येत नाही. इंग्रजीत या छंदाला ‘पिन ट्रेडिंग’ म्हणतात. अमेरिका, फ्रान्स किंवा हाँगकाँग येथे सहलीला जाणाऱ्या मराठी कुटुंबांनाही आता त्याची ओळख होऊ लागली आहे. वरवर हा मुलांचा खेळ दिसतो. मात्र या खेळात एका बाजूला सात वर्षांचे मूल आणि दुसऱ्या बाजूला मोठा माणूस असतो. अशा व्यवहारात मुलाची फसगत होऊ नये यासाठी काय करावे, हा प्रश्न त्या खेळाच्या मुळाशी आहे आणि त्याची उत्तरे आपल्याकडच्या पालकांना व शिक्षकांनाही उपयोगी पडणारी आहेत.

बिल्ला घडतो कसा?

या छंदातील पिन म्हणजे साधारण एक ते दोन इंच आकाराचा, धातूच्या पत्र्यावर रंगीत चित्र असलेला बिल्ला. चित्राचा पोलादी साचा तयार करून तो पितळ किंवा लोखंडाच्या पत्र्यावर दाबला जातो. त्यामुळे चित्राच्या रेषा उठावदार होतात आणि रेषांमध्ये लहान लहान खळगे तयार होतात. त्यानंतर खळग्यांत रंग भरतात आणि तो भट्टीत पक्का करतात. रंग भरून वरचा भाग घासून सपाट केला, की बोट फिरवल्यावर काचेसारखा गुळगुळीत लागतो. रंग रेषांच्या खाली राहू दिला, तर रेषा बोटाला जाणवतात. दागिन्यांवरील मीनाकारी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही रीत नवी वाटणार नाही. पाठीमागे एक टोकदार खिळा आणि त्याला अडकवायची रबराची किंवा धातूची टोपी असते. ही टोपी निसटली की बिल्ला हरवतो, त्यामुळे अनुभवी मुले ती दर तासाला चाचपून पाहतात.

अशा बिल्ल्याला लागणारा धातू किरकोळ असतो. उद्यानातील दुकानात मात्र एकेक पिन साधारण दहा डॉलर किंवा त्याहून अधिक किमतीला विकली जाते. ही किंमत चित्राची, त्या ठिकाणाच्या आठवणीची आणि कंपनीच्या नावाची असते. छंदाचा विचार करताना पालकांनी हा फरक प्रथमपासून लक्षात ठेवावा.

ऑलिंपिकपासून उद्यानापर्यंत

बिल्ल्यांच्या अदलाबदलीचे मूळ ऑलिंपिक स्पर्धांत सापडते. १८९६ मध्ये अथेन्स येथे आधुनिक ऑलिंपिक भरले, तेव्हा खेळाडू, पंच आणि अधिकारी ओळखू यावेत म्हणून त्यांना पुठ्ठ्याच्या रंगीत चकत्या देण्यात आल्या होत्या. ते ओळखीचे बिल्ले होते. पुढे निरनिराळ्या देशांच्या खेळाडूंनी स्नेहाची खूण म्हणून आपापले बिल्ले एकमेकांना देण्यास सुरुवात केली. १९८० च्या दशकात प्रेक्षकही मोठ्या संख्येने त्यात उतरले. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये या छंदाला उधाण आले. १९८८ मध्ये कॅनडातील कॅलगरीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये कोका-कोला कंपनीने त्यासाठी स्वतंत्र केंद्रच उघडले. ओळखीची खूण अशा रीतीने देवाणघेवाणीची वस्तू झाली.

हीच कल्पना डिस्ने कंपनीने उचलली. फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये नव्या सहस्रकाच्या स्वागताचा सोहळा ऑक्टोबर १९९९ मध्ये सुरू झाला आणि त्यातच पिनांच्या अदलाबदलीचा उपक्रम आखण्यात आला. सोहळा संपला, उपक्रम मात्र टिकला. तो कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये गेला, पुढे पॅरिस आणि हाँगकाँग येथेही रुजला. २०२० मध्ये करोनाच्या साथीने उद्याने बंद पडली. ती पुन्हा उघडली तेव्हा माणसांतील अंतर राखण्यासाठी गळ्यातील पट्ट्यांऐवजी फळ्यांवर पिना टोचून ठेवण्यात आल्या, म्हणजे साथीतही हा व्यवहार पूर्णपणे सोडून देण्यात आला नाही.

यात कंपनीचा फायदा उघड आहे. अदलाबदल करायची तर आधी काही पिना विकत घ्याव्या लागतात. मुलाच्या हौसेतून दुकानाची विक्री वाढते, ही या व्यवहाराची दुसरी बाजू नजरेआड करून चालणार नाही. तरीही विक्रीसाठी उभारलेल्या या व्यवस्थेत काही नियम असे आले, की त्यांनी मुलाला मोठ्या माणसासमोर बरोबरीने उभे केले.

नकार देता येत नाही

नियमांचा तपशील उद्यानागणिक आणि काळानुसार थोडा बदलतो, पण मुख्य चौकट अशी आहे. पिन धातूची, सुस्थितीतील आणि कंपनीच्या अधिकृत चिन्हाची हवी. एका वेळी एकीच्या बदल्यात एकच पिन मिळते. एका कर्मचाऱ्याबरोबर एका दिवसात दोनच बदल करता येतात. त्याच्या पट्ट्यावर आधीच असलेली पिन त्याला पुन्हा देता येत नाही. पिन मागच्या टोपीसह हातात द्यायची असते. समोरच्याच्या पट्ट्याला हात लावायचा नसतो, बोट दाखवून विचारायचे असते. उद्यानात पिनेच्या बदल्यात पैसे देता-घेता येत नाहीत.

या साऱ्यांत सर्वांत महत्त्वाचा नियम कर्मचाऱ्याला बांधून ठेवणारा आहे. मुलाने दिलेली पिन अटींत बसत असेल, तर ‘मला ती आवडली नाही’ किंवा ‘माझी पिन दुर्मिळ आहे’ असे सांगून कर्मचाऱ्याला बदल नाकारता येत नाही. निवड करण्याचा अधिकार मुलाकडे असतो. फ्लोरिडातील उद्यानांत काही कर्मचारी हिरवा पट्टा घालत. त्यांनी केवळ ३ ते १२ वर्षांच्या मुलांशीच व्यवहार करायचा, अशी प्रथा होती. त्यामुळे चांगल्या पिना शोधत फिरणाऱ्या प्रौढ संग्राहकांना त्या पट्ट्यापर्यंत पोहोचता येत नसे.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका मुलीला तिच्या पट्ट्यावरील गाडीचे चित्र देऊन समोरच्या पट्ट्यावरील हत्तीचे चित्र हवे आहे. बाजारात हत्तीची पिन गाडीच्या पिनेपेक्षा चौपट किमतीला जात असेल. दुकानदार असता तर त्याने मान हलवली असती, चतुर संग्राहक असता तर तिच्याकडून आणखी तीन पिना मागितल्या असत्या. येथे कर्मचाऱ्याने हसून हत्ती काढून देणे एवढेच शिल्लक राहते. मुलीला घासाघीस येत नाही, भाव ठाऊक नाहीत, कदाचित ती भाषाही नीट येत नाही. तरीही तिचे नुकसान होत नाही, कारण समोरच्या माणसाला तिच्या अज्ञानाचा फायदा घेण्याची सोयच ठेवलेली नाही.

याच कारणाने लाजाळू मुलांसाठी हा खेळ उपकारक ठरतो. अनोळखी माणसासमोर जाणे, ‘तुमच्या पिना पाहू का?’ असे विचारणे, आपली निवड सांगणे आणि आभार मानून निघणे, एवढे चार टप्पे त्यात असतात. नकाराची भीती नसल्याने मूल पहिला टप्पा ओलांडते. अर्थात आईवडील दोन पावले मागे उभे असतात, हे गृहीत आहे.

हातचे सोडणे कठीण का जाते?

मुलांना पिन मागणे लवकर जमते. आपली पिन देणे मात्र कठीण जाते. पट्ट्यावर दहा पिना असतात आणि प्रत्येक वेळी ‘हीच नको’ असे होते. हा केवळ बालिश हट्ट नाही. आपल्या हाती आलेली वस्तू, ती आपली आहे एवढ्याच कारणाने, अधिक मोलाची वाटू लागते, असे अर्थशास्त्र आणि मानसशास्त्राचे अभ्यासक सांगतात. डॅनिएल काहनेमन, जॅक नेच आणि रिचर्ड थेलर यांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही विद्यार्थ्यांना कॉफीचे मग देण्यात आले. ज्यांना मग मिळाले, त्यांनी ते विकण्यासाठी मागितलेली किंमत इतर विद्यार्थ्यांनी देऊ केलेल्या किमतीच्या दुपटीहून अधिक होती. मग तेच होते, फक्त मालक बदलला होता. पुढे काहनेमन यांना २००२ मध्ये, तर थेलर यांना २०१७ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

वय वाढले की हा मोह आपोआप सुटतो का? विल्यम हार्बो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये बालवाडीतील, तिसरीतील व पाचवीतील मुले आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांची तुलना केली. वयानुसार हा मोह कमी होत असल्याचे त्यांना आढळले नाही. मग तो कशाने कमी होतो? अर्थशास्त्रज्ञ जॉन लिस्ट यांच्या २००३ मधील अभ्यासात याचा एक धागा सापडतो. त्यांच्या प्रयोगांपैकी काही खेळाडूंच्या चित्रपत्रांच्या बाजारात झाले, तर काही चक्क वॉल्ट डिस्ने वर्ल्डमधील एपकॉट उद्यानात, पिनांच्या अदलाबदलीच्या ठिकाणी झाले. नवख्या लोकांनी हाती दिलेली पिन सहसा सोडली नाही, तर वरचेवर देवाणघेवाण करणाऱ्यांनी ती अधिक सहजतेने बदलून घेतली.

हे दोन्ही अभ्यास शेजारी ठेवले, तर नुसते मोठे झाल्याने हातचे सोडता येत नाही, प्रत्यक्ष देवाणघेवाणीच्या सवयीने ते जमू लागते, असे दिसते. खेळातून मुलाला ही सवय लागणार असेल, तर ती निर्धोक जागी लागावी. पहिल्याच दोन-तीन व्यवहारांत फसवले गेलेले मूल एक तर व्यवहारालाच भिते, नाही तर आपणही दुसऱ्याला फसवायचे असते, असा धडा घेते.

नियमाची फट आणि बनावट माल

कर्मचाऱ्याला नकार देता येत नाही, या नियमाने मुलाला संरक्षण दिले आणि त्याच नियमातून लबाडीलाही वाट मिळाली. कारखान्यातून बाहेर पडलेल्या सदोष, जादा किंवा सरळसरळ नक्कल केलेल्या पिना इंटरनेटवरून घाऊक भावात विकल्या जाऊ लागल्या. या छंदातील लोक त्यांना ‘स्क्रॅपर’ म्हणतात. काही प्रौढ अशा पिना नगण्य किमतीला घेतात, उद्यानात जाऊन कर्मचाऱ्यांच्या पट्ट्यावरील अस्सल पिनांशी बदलतात आणि त्या अस्सल पिना बाहेर विकतात. पट्ट्यावर उरतो तो बनावट माल, आणि सकाळी हौसेने आलेल्या मुलाच्या वाट्याला तोच येतो. दुकानात पूर्ण किंमत मोजून घेतलेली पिन देऊन मूल खोटी पिन घरी नेते.

बनावट पिन ओळखण्याच्या काही साध्या खुणा आहेत. तिच्या कडा खडबडीत असतात, रंग रेषेबाहेर सांडलेला किंवा मूळ चित्रापेक्षा फिका असतो, रंगात टाचणीएवढी छिद्रे दिसतात, वजन हलके लागते, मागील अक्षरे पुसट असतात. यांपैकी एखादी खूण अस्सल पिनेतही आढळू शकते, त्यामुळे एकाच खुणेवरून निकाल देऊ नये. घाऊक पुडक्यात नेहमीच्या किमतीच्या काही अंशाने मिळणारा माल मात्र संशयास्पदच मानावा.

येथे पालकांपुढे एक नाजूक प्रसंग उभा राहतो. मुलाने मोठ्या आनंदाने आणलेली पिन खोटी आहे, हे त्याला सांगावे का? त्याला हत्तीचे चित्र हवे होते आणि ते मिळाले, म्हणजे त्याच्या लेखी काही बिघडलेले नाही. पण तीच पिन उद्या तो दुसऱ्या मुलाला देईल, तेव्हा मात्र बिघडते. खोटे नाणे खपवून मोकळे व्हायचे, की ते स्वतःजवळ ठेवायचे, हा प्रश्न तेव्हा घराच्या उंबऱ्याच्या आत येतो. ‘ही तुझ्याकडेच राहू दे, दुसऱ्याला देऊ नको’ असे समजावून सांगणारे आईवडील मुलाला त्या पिनेहून मोलाचे काहीतरी देत असतात.

स्काऊटची दुसरी वाट

हाच प्रश्न स्काऊट चळवळीने निराळ्या रीतीने सोडवला आहे. १९२० मध्ये लंडन येथे पहिला जागतिक मेळावा, म्हणजे ‘जांबोरी’ भरली. निरनिराळ्या देशांच्या पथकांनी आपापली चिन्हे एकमेकांना देणे ही अशा मेळाव्यांतील आवडती परंपरा बनली आहे. तेथे धातूच्या बिल्ल्यांप्रमाणेच कापडावर भरतकाम केलेली चिन्हे, गळ्यातील स्कार्फ आणि त्याची कडी यांचीही अदलाबदल होते. अमेरिकेतील स्काऊट संघटनेने या व्यवहारासाठी घालून दिलेला दंडक स्पष्ट आहे : मुलांनी मुलांशी आणि मोठ्यांनी मोठ्यांशीच अदलाबदल करावी. मोठ्या माणसाच्या अनुभवाला मुलासमोर उभेच राहू द्यायचे नाही, हा त्यामागचा विचार.

भारतात भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संघटना ७ नोव्हेंबर १९५० रोजी आकाराला आली. राज्यांप्रमाणेच रेल्वेच्या विभागांनाही तिच्यात स्वतंत्र स्थान आहे, त्यामुळे रेल्वे वसाहतींतील मुलांना या चळवळीची वाट जवळची राहिली आहे. पूर्णा हे दक्षिण मध्य रेल्वेच्या नांदेड विभागातील जंक्शन असल्याने ही गोष्ट येथे मुद्दाम सांगण्यासारखी. राजस्थानातील पाली जिल्ह्यात रोहट येथे जानेवारी २०२३ मध्ये अठरावी राष्ट्रीय जांबोरी भरली होती आणि तिचे उद्‌घाटन राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी केले होते. परदेशी उद्यानाच्या तिकिटाचा खर्च ज्यांना झेपणार नाही, अशा मुलांनाही दूरच्या प्रांतातील समवयस्कांबरोबर चिन्हे बदलून घेण्याची संधी अशा मेळाव्यांतून मिळू शकते.

दोन वाटा, हेतू एक. उद्यानाने मोठ्या माणसाचा हात बांधला, स्काऊटने त्याला व्यवहाराबाहेर ठेवले. दोन्ही ठिकाणी पैशाला मज्जाव आहे. पैसा आला की कोणत्या चित्राला काय भाव, हे ज्याला ठाऊक तो वरचढ ठरतो, आणि ते मुलाला सहसा ठाऊक नसते.

आपल्याकडे काय आहे?

महाराष्ट्रात मनोरंजन उद्यानांची हौस जुनी आहे. मुंबईतील गोराई येथे १९८९ मध्ये सुरू झालेल्या एस्सेलवर्ल्डने एका पिढीच्या शालेय सहली रंगवल्या, तर खोपोलीजवळ २०१३ मध्ये इमॅजिका सुरू झाले. पिनांची अदलाबदल मात्र आपल्या उद्यानांच्या संस्कृतीत रुजली नाही. स्मरणवस्तू विकत घ्यायची आणि घरी न्यायची, एवढाच आपला परिपाठ.

तरीही अदलाबदल मराठी घराला परकी आहे, असे नाही. जुने कपडे घेऊन त्यांवर स्टीलचे पातेले किंवा डबा देणारी बोहारीण दारात बसली, की घरातील मुले तो व्यवहार टक लावून पाहत. आई एक साडी पुढे करी, बोहारीण ती उजेडात धरून विरलेली जागा शोधी, मग आणखी एक सदरा मागे. पैशाचे नाव न घेता दोन्ही बाजूंचे समाधान होईपर्यंत ती घासाघीस चाले. मुलांच्या जगातही काड्यापेट्यांचे छाप, गोट्या, पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी आणि पुढे चिप्सच्या पुडीतून निघणारे टॅझो यांची देवाणघेवाण होतच होती. रेल्वेच्या गावांत पुठ्ठ्याच्या जाड प्रवासी तिकिटांचेही आकर्षण असे. प्रवास संपल्यावर ते तिकीट फाटकावर परत द्यावे लागे, म्हणून हाती उरलेल्या एखाद्या तिकिटाचा दिमाख काही औरच. संगणकीकृत कागदी तिकिटे आली आणि तो संग्रह मागे पडला.

या जुन्या खेळांत मुलाला राखणारा नियम मात्र नव्हता. गल्लीतील मोठा मुलगा धाकट्याकडून दहा साधे छाप देऊन एक दुर्मिळ छाप काढून घेई आणि रडणाऱ्या धाकट्याला घरचे म्हणत, ‘तूच दिलास ना?’ आजोबांच्या डब्यातील जुने चांदीचे नाणे नव्या चकचकीत नाण्याच्या बदल्यात गेल्याच्या कहाण्याही अनेक घरांत ऐकू येतात. खेळ म्हणून दुर्लक्ष केलेल्या या व्यवहारांत मुलांची फसगत होत असे आणि तिची दाद कोणाकडे मागावी, हे त्यांना कळत नसे.

शाळेत करता येण्याजोगा प्रयोग

परभणी, नांदेड, हिंगोली या पट्ट्यातील शाळांना परदेशी पिनांची गरज नाही. जाड पुठ्ठ्याची गोल चकती, वर मुलाने स्वतः काढलेले चित्र आणि मागे चिकटपट्टीने लावलेली बोथट कडीची पिन एवढ्यात बिल्ला तयार होतो. विषय जवळपास आहेतच : पूर्णा आणि गोदावरीचा संगम, स्थानकावरील सिग्नल, ज्वारीचे कणीस, कापसाचे बोंड, बैलपोळ्याचा सजलेला बैल, गावच्या जत्रेतील पाळणा. शाळेचे स्नेहसंमेलन किंवा विज्ञान प्रदर्शन यांना जोडून एक तास अदलाबदलीसाठी ठेवता येईल.

त्यासाठी नियम पाचच पुरेत. पहिला, प्रत्येकाने सारख्याच संख्येने बिल्ले आणावेत, म्हणजे श्रीमंत-गरीब असा भेद शिरणार नाही. दुसरा, एकास एक बदल, त्यात पैसे किंवा खाऊ नको. तिसरा, मुलांनी आपल्या वर्गातील किंवा जवळच्या वयाच्या मुलांशीच व्यवहार करावा आणि मनाविरुद्ध बदल करण्याची सक्ती कोणावर नसावी. चौथा, शिक्षकांच्या गळ्यातील फळीवर काही बिल्ले असावेत आणि शिक्षकांनी कोणाही मुलाला नकार देऊ नये. ज्याच्या बिल्ल्याला दुसरे कोणी हात लावत नाही, त्या मुलालाही तेथे हक्काचा बदल मिळेल. पाचवा, त्याच दिवशी शाळा सुटेपर्यंत पश्चात्ताप झाला, तर दोघांच्या संमतीने बदल फिरवता यावा. अगदी लहान मुलांना टोकदार पिना देऊ नयेत, हे सांगायला नकोच.

चौथ्या नियमाला विशेष महत्त्व आहे. प्रत्येक वर्गात एखादे मूल असे असते, की ज्याचे चित्र बेताचे, बोलणे कमी आणि मित्र थोडे. मोकळ्या बाजारात त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. नकार न देणारा एक मोठा माणूस तेथे उभा असेल, तर त्याच्याही हाताला देण्या-घेण्याची सवय लागते.

सहलीला जाणाऱ्यांसाठी

परदेशातील उद्यानात जाणाऱ्या कुटुंबांनी काही पथ्ये पाळावीत. आधी खर्चाची मर्यादा ठरवावी आणि मुलाला ती सांगावी. सुरुवातीला चार-पाच साध्या पिना पुरतात, कारण बदल कितीही केले तरी पट्ट्यावरील संख्या तीच राहते. एकास एक या नियमाचा हा मोठा आर्थिक लाभ आहे. मुलाला अतिशय आवडणारी एखादी पिन पट्ट्यावर न लावता खिशात किंवा टोपीच्या आत ठेवावी, म्हणजे ती देण्याचा प्रसंगच येणार नाही. मोठ्या वह्या उघडून बसलेल्या अनोळखी संग्राहकांशी मुलाला एकटे व्यवहार करू देऊ नये. तेथे नकार न देण्याचा नियम लागू नसतो, संग्राहक स्वतःच्या फायद्याचा विचार करणारच. शक्यतो बदल कर्मचाऱ्यांशी किंवा अधिकृत फळीवरच करावा. घरी परतल्यावर इंटरनेटवर प्रत्येक पिनेचा भाव शोधून मुलाला सांगण्याचा मोह टाळावा. ज्या पिनेकडे ते ‘मी स्वतः विचारून मिळवली’ म्हणून पाहत होते, तिच्याकडे ते त्या क्षणापासून डॉलरच्या हिशेबात पाहू लागते.

मूल आज ना उद्या बाजारात जाणारच आहे. पुढे त्याला मोंढ्यात शेतमाल विकायचा असेल, नोकरीचा पगार ठरवायचा असेल, घराचा सौदा करायचा असेल. त्या वेळी समोरच्याला त्याच्या अज्ञानाची दया येईल, असे नाही. तोवर आपली वस्तू सोडणे, दुसऱ्याची मागणे, ‘नको’ म्हणणे आणि दिलेला शब्द पाळणे या चार गोष्टी त्याला अशा ठिकाणी शिकता याव्यात, जेथे चूक झाली तरी तिची किंमत एका बिल्ल्याहून अधिक नसेल. अशी जागा तयार करणे हे मोठ्यांचे काम आहे आणि त्यासाठी फ्लोरिडाला जाण्याची आवश्यकता नाही.